हळदीचा डाग आणि तीन सोडे

[दृश्य: पांढरा शर्ट, खिशापाशी आमटीचा पिवळा डाग, त्यावर साबणाची वडी फिरतेय]

पांढरा शर्ट घालून पंगतीला बसलं की आमटी सांडणार हे ठरलेलंच, आणि मग घरी येऊन घाईघाईत साबण लावला की तो पिवळा डाग एकदम लालभडक! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गेला शर्ट कामातून. पण पाण्यात नीट खळबळून साबण काढला की डाग परत पिवळा, आणि तेवढाही धीर नसेल तर लिंबू पिळा, जिथे रस लागेल तिथे लगेच पिवळा. म्हणजे केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल शर्टावरच झालं, मार्क फक्त कोणी दिले नाहीत.

हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिनचा. आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ लागला की तो लाल होतो, आणि साबण आम्लारीच. कुंकूसुद्धा असंच बनायचं, हळद आणि चुन्यासारखं काहीतरी आम्लारी, लाल रंग वेगळा टाकायची गरजच नाही.

[दृश्य: ओट्यावर टिपकागदाच्या पिवळ्या पट्ट्या, शेजारी वाट्या]

आम्ही चमचाभर हळद सॅनिटायझरमध्ये कालवली (पाण्यापेक्षा त्यात रंग चांगला उतरतो), टिपकागद त्यात बुडवून वाळवला आणि कात्रीने पट्ट्या कापल्या. खर्च जवळजवळ शून्य.

आता गंमत बघा. आपल्याकडे सोडा म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी. ढोकळ्यात टाकतो तो खायचा सोडा, कपड्यांचा धुण्याचा सोडा, आणि टपरीवर लिंबू पिळून पितो तो सोडा. पट्टीवर प्यायच्या सोड्याचा थेंब टाकला, पिवळी ती पिवळीच. खायच्या सोड्याचं पाणी टाकलं, नारिंगी-लालसर. धुण्याच्या सोड्याचं टाकलं आणि पट्टी अशी गडद लाल-तपकिरी झाली की बघतच राहिलो. नाव एक, पण प्यायच्या सोड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो म्हणून ते पाणी आम्लधर्मी, बाकीचे दोघं आम्लारी, आणि त्या दोघांतही जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक आकड्यात मांडायचा म्हणजे पीएच. शेतकरी त्याला सामू म्हणतात, माती परीक्षणाच्या रिपोर्टवर असतो तोच. ही मोजपट्टी 1909 साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली, कोपनहेगनमध्ये, आणि तेसुद्धा एका बिअर कंपनीच्या लॅबमध्ये! 7 म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर आम्लारी, आणि एक आकडा सरकला की फरक दहापट. खायचा सोडा साधारण 8 च्या थोडा वर, धुण्याचा 11 च्या आसपास, म्हणजे फरक हजारपटीच्या घरात गेला की हो.

पण हळद अर्धीच साक्ष देते. लिंबू टाका, व्हिनेगर टाका, साधं नळाचं पाणी टाका, तिचं उत्तर एकच, पिवळा. शॅम्पू टाकला तरी पिवळाच, कारण बरेचसे शॅम्पू साबणासारखे आम्लारी नसतात. हळदीला फक्त आम्लारी कळतं, आम्ल आणि पाणी यातला फरक नाही कळत. शाळेतला लिटमस दोन्ही ओळखतो. तो लायकेनपासून (बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून बनतं ते) काढतात, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच, जात वेगळी.

[दृश्य: कुंपणावरचा गोकर्णीचा वेल, मग काचेच्या ग्लासात निळंशार पाणी]

आम्ही लिटमस आणायला गेलोच नाही, गेटवर गोकर्ण होती. आठ-दहा निळी फुलं गरम पाण्यात टाकली, पाच मिनिटांत शाईसारखं पाणी. त्यात लिंबू पिळलं, जांभळं-गुलाबी. लिंबाचा सामू 2 ते अडीच, त्यामुळे रंग झटक्यात फिरतो. दह्याचं वरचं पाणी टाकलं तर निळ्यातच जरा जांभळी झाक, कॅमेऱ्यात तर दिसेचना, पांढरा कागद मागे धरला तेव्हा कळलं. खायच्या सोड्याने हिरवट निळं. आणि चुन्याची निवळी टाकली, सामू 12 च्या वर, तर हिरवंगार.

चुना हाताळताना मात्र जपून, डोळ्यात उडाला तर इजा मोठी होते, मुलांच्या हातात देऊ नका. आणि बाथरूममधल्या बाटल्या या खेळात आणूच नका, अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, विषारी असतो तो.

[दृश्य: सकाळ, ओट्यावर रात्रीचे ग्लास]

रात्री ग्लास तसेच ठेवून झोपलो. सकाळी लिंबाचा ग्लास होता तसाच गुलाबी, पण चुन्याचा हिरवा ग्लास पिवळा पडलेला. इतक्या आम्लारी पाण्यात फुलाचा रंग टिकत नाही, हळूहळू मोडतो, आणि मग लिंबू पिळलं तरी पहिल्यासारखा परत येत नाही. आम्ही पिळून बघितलं.