ट्रेलर जोडलाय? मग आधी फ्लॅशरचा लोड मोजा

मंडळी, फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरला उघडझाप करायला लावणारा तो छोटा डबा, बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठला घेऊ? आणि माझा उलट प्रश्न ठरलेला, लोड, म्हणजे त्यावरच्या बल्बांचे एकूण वॅट, किती आहे तुझा? मागे जादा इंडिकेटर लावले, साइडला लावले, वर ट्रेलर जोडला आणि इंडिकेटर फटाफट मारायला लागला, की लोक म्हणतात फ्लॅशर गेला. गेलेला नसतो तो. जुन्या थर्मल फ्लॅशरच्या आत एक पट्टी असते, दोन धातूंची, करंट गेला की ती तापून वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, गार झाली की परत जुळतो. आता बल्ब वाढवले की करंट वाढणार, पट्टी लवकर तापणार, टिकटिक वाढणार, आणि एखादा बल्ब उडाला तर तीच टिकटिक मंदावते, नाहीतर दिवा नुसताच पेटून राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचं नेमकं उलटं. तो करंट मोजत बसतो, कमी दिसला की बल्ब उडाला असं धरून मुद्दाम डबल स्पीडने मारतो, ड्रायव्हरला कळावं म्हणून. एलईडी लावल्यावर इंडिकेटर पळायला लागतो तो यामुळेच, एलईडी करंट घेतोच कितीसा.

आता हिशोब करू. १२ व्होल्टची गाडी, एका बाजूला पुढचा २१ वॅट, मागचा २१, साइडचा ५, ट्रेलरचा २१ आणि ट्रेलरला तुम्ही हौसेने वाढवलेला अजून एक २१. झाले ८९ वॅट, म्हणजे साधारण साडेसात अँपिअर. पण थांबा, हॅझार्ड दाबला की दोन्ही बाजू एकदम लागतात, म्हणजे पंधराच्या आसपास, आणि गार फिलामेंट पेटताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते ते वेगळंच. २४ व्होल्टला आकडे निम्मे. फ्लॅशरच्या अंगावर बारीक अक्षरात २+१(६)×२१ वॅट असं काहीतरी छापलेलं असतं ना, ते वाचत जा. गाडीचे दोन, ट्रेलरचा एक, आणि कंसातले सहा म्हणजे हॅझार्डला दोन्ही बाजू मिळून. वरच्या हिशोबात २१ वॅटचेच आठ बल्ब होतात, म्हणजे हा फ्लॅशर तिथेच बाद.

मग लोक हेवी ड्युटी आणतात. चालतो, छान चालतो, दोन बल्ब असोत नाहीतर दहा, ठेका तोच, मिनिटाला ६० ते १२० च्या मधला. पण त्याला लोडशी देणंघेणं नाही म्हणजे बल्ब उडाला तरी तो मजेत टिकटिकत राहतो आणि तुम्हाला पत्ता नाही! ट्रेलरचा मागचा दिवा आरशात दिसत नाही, नेमका तोच गेलेला कळणार नाही, हे मला तरी पटत नाही. काही फ्लॅशरना सी२ नावाची जादा पिन असते, तिच्यावर डॅशबोर्डला ट्रेलरचा वेगळा पायलट दिवा, म्हणजे खुणेचा छोटा दिवा, लागतो, मिळाला तर तो घ्या.

दुसरं म्हणजे, करंट फ्लॅशरमधून निघून इंडिकेटरच्या स्विचमधून जातो. फ्लॅशर तगडा केलात पण स्टिअरिंगखालचे ते चिमुकले कॉन्टॅक्ट आणि बारीक वायर तेवढीच राहिली, आता गरम व्हायची पाळी त्यांची. त्यात फ्यूज उडतो म्हणून कोणीतरी मोठा घालतं, मग काय, वायरच फ्यूज होते.

म्हणून माझं मत असं की ट्रेलर मूळ सर्किटवर टाकूच नका, दोन रिले घ्या, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, डाव्याला एक उजव्याला एक. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, स्विचच्या पुढे जी इंडिकेटरची वायर आहे ती ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीवरून फ्यूज लावून थेट सप्लाय, आणि ८७ वरून ट्रेलर. ८५-८६ मधली रिलेची कॉइल करंट नावालाच घेते, त्यामुळे गाडीचा मूळ फ्लॅशर आहे तसा ठेवता येतो आणि गाडीच्या बल्बची वॉर्निंग पण शाबूत राहते. ट्रेलरचे एलईडी असले तरी फ्लॅशरला ते दिसतच नाहीत. फक्त साधा रिले इंडिकेटरबरोबर सारखा उघडझाप करून झिजतो, सॉलिड स्टेटचा, म्हणजे हलणारे कॉन्टॅक्ट नसलेला, मिळाला तर उत्तम.

कोणीतरी मघाशी विचारलं, एलईडीचा कमी करंट भरून काढायला जोडीला रेझिस्टर लावू का. गाडीच्याच दिव्यांना एलईडी लावलेत तर फ्लॅशर एलईडीचा घ्या, रेझिस्टर लावून फुकट उष्णता कशाला. १२ व्होल्टचा ६ ओहम ५० वॅटवाला कोणी २४ च्या गाडीला लावला तर चालू इंजिनवर २८ व्होल्ट धरून तो १३० वॅट खातो, इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो हे धरलं तरी सरासरी ६५, म्हणजे जळणारच.

आणि इंडिकेटर दिल्यावर ट्रेलरचे भलतेच दिवे मिणमिणायला लागले तर फ्लॅशरला हात लावू नका, आधी अर्थ बघा. सात पिनच्या सॉकेटमध्ये पिवळी वायर डावी, हिरवी उजवी आणि पांढरी अर्थ, ती पांढरी आधी घासून घट्ट करा, टो हुकच्या लोखंडावर अर्थिंगचा भरवसा ठेवायचा नाही.