कार्ड कापलं, खातं चालूच

श्रोतेहो, नमस्कार.

क्रेडिट कार्ड नकोसं झालं की बऱ्याच घरांत आधी कात्री बाहेर येते. कार्डाचे दोन तुकडे, चिप मधोमध कापलेली, तुकडे केराच्या डब्यात. आणि काही महिन्यांनी मेसेज येतो: 589 रुपये भरा. वार्षिक फी 499, वर 18 टक्के जीएसटी. कापलं ते प्लॅस्टिक. बँकेच्या दफ्तरी खातं चालूच होतं.

ब्लॉक करण्याचंही तेच. ब्लॉक केलेल्या कार्डाच्या जागी बँक नवं कार्ड पाठवू शकते, आणि फी लागायची ती लागतेच. म्हणून कॉल सेंटरला सांगताना शब्द नेमके हवेत: ‘क्रेडिट कार्ड खातं कायमचं बंद करायचं आहे.’

आता सगळ्यात जास्त गोंधळ उडवणारी रक्कम. बिल पूर्ण भरलं, तरी पुढच्या महिन्यात चार-पाचशे रुपये येतात. का? समजा, आधीच्या महिन्यात तुम्ही पूर्ण रक्कम न भरता थोडीच भरली होती. 12 तारखेच्या बिलात 20,000 रुपये बाकी दिसले आणि ते तुम्ही 30 तारखेला भरले. एकदा बाकी ठेवली की बिनव्याजी मुदत जाते, आणि व्याज रोजच्या रोज चढतं. 12 ते 30 हे 18 दिवस त्या बिलात धरलेले नव्हते. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के दराने त्यांचं व्याज होतं सुमारे 414 रुपये. त्यावर जीएसटी 75. एकूण 489. हे दिसणार थेट पुढच्या 12 तारखेच्या बिलात. बाकी शून्य दिसली म्हणून तुम्ही निश्चिंत राहिलात, तर या 489 वर उशिराचा दंड बसू शकतो. तेव्हा बाकी ओढत आणली असेल, तर कार्ड वापरणं थांबवा, पूर्ण भरा, आणखी एक बिल येऊ द्या, तेही भरा. मग अर्ज. घाई असेल तर बँकेकडून आजच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह पूर्ण रक्कम लेखी मागवा आणि त्याच दिवशी भरा.

हप्त्यांवर फ्रिज किंवा मोबाइल घेतला असेल, तर उरलेलं मुद्दल एकदम भरावं लागतं. मुदतीआधी फेडण्याचं शुल्क अनेक बँकांत 3 टक्क्यांच्या आसपास आहे. 18,000 उरले असतील तर 540 आणि जीएसटी धरून 637 रुपये. दोनच हप्ते राहिले असतील तर थांबलेलं बरं.

ऑटो-पे दोन प्रकारचे असतात, आणि इथे क्रम चुकतो. एक कार्डातून बाहेर जाणारा: ओटीटी, विम्याचा हप्ता, फोनचं बिल, फास्टॅगचं रिचार्ज. दुसरा तुमच्या बचत खात्यातून कार्डाचं बिल भरणारा. पहिला आधी काढा. दुसरा सगळ्यात शेवटी. तो आधी काढला तर शेवटचं छोटं बिल तसंच राहतं. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेचा मेसेज 24 तास आधी यावा असा नियम आहे, पण फास्टॅगच्या रिचार्जला 2024 पासून त्यातून सूट आहे, म्हणून तो आठवणीने बदला. रिवॉर्ड पॉइंटही अर्जाआधीच वापरा. मात्र ते वापरण्याचं शुल्क असेल, तर तेही पुढच्या बिलात येतं.

अर्ज हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइट किंवा ॲप, कशावरूनही चालतो. पोस्टानेच पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. तक्रार नंबर आणि तारीख लिहून ठेवा. ‘फी माफ करतो, कार्ड ठेवा’ असा फोन आला तर ‘बघतो’ म्हणू नका. तेवढ्यावर अर्ज मागे घेतल्याची नोंद होऊ शकते. सरळ नाही म्हणा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, बाकी नसेल तर कामाच्या 7 दिवसांत खातं बंद झालं पाहिजे आणि तसं लगेच कळवलं पाहिजे. उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दर दिवसाला 500 रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा. बाकी असेल तर हा दंड नाही, म्हणूनच ते 489 रुपये महत्त्वाचे. कार्डावर जादा जमा असेल, तर ती रक्कम तुमच्या बँक खात्यात यायला हवी.

नंतर भलतंच बिल आलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. चौकशीचा नंबर 14448.

साधारण दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद, काढा. ही नोंद ठेवणाऱ्या सिबिलसह चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. खात्यासमोर ‘क्लोज्ड’ हवं. ‘सेटल्ड’ दिसलं तर अर्थ होतो, बँकेने कमी पैशांवर हिशेब मिटवला, आणि पुढच्या गृहकर्जाला ते नडतं. दुरुस्तीचा अर्ज करा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.