विकास काँग्रेस : ग्वाल्हेरने उभा केलेला पक्ष

(दृश्य : महाराज बाडा, सकाळ. गोरखीची कमान, हातगाड्या, टेम्पो.)

ग्वाल्हेरचं लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, तो पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी सरदारांचे वाडे आले, वाड्यांभोवती वस्त्या वसल्या. या वस्त्यांना आजही गोठ म्हणतात. घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. याच गल्ल्यांतून १९९६ च्या उन्हाळ्यात एक नवा पक्ष मतं मागत फिरला. मध्य प्रदेश विकास काँग्रेस.

(दृश्य : जयविलास पॅलेस. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी, जवळून.)

१८७४ सालचा हा राजवाडा. टेबलावरच्या रुळांवरून ही चांदीची आगगाडी पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार घेऊन फिरायची. सुरई उचलली की गाडी थांबायची. याच घराण्यातले माधवराव शिंदे पुढे देशाचे रेल्वे राज्यमंत्री झाले. १९८८ मध्ये दिल्लीहून झाशीला पहिली शताब्दी एक्सप्रेस धावली, ती ग्वाल्हेरवरूनच. फलाटावर तो दिवस पाहिलेली माणसं आजही तिला ‘महाराजांची गाडी’ म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

(दृश्य : शिंदे की छावणी, नंतर फालका बाजार.)

राजकारण मात्र घरातच दुभंगलेलं. माधवरावांच्या आई, राजमाता विजयाराजे जनसंघाच्या, मग भाजपच्या. माधवरावही १९७१ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर गुणा मतदारसंघातून लोकसभेत गेले, वय अवघं सव्वीस. १९८० मध्ये ते काँग्रेसमध्ये आले. १९८४ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरमध्ये अटलबिहारी वाजपेयींना हरवलं. अटलजी याच शिंदे की छावणीतले, तरीही शहराने महाराजांना पावणेदोन लाखांच्या घरात मताधिक्य दिलं.

(दृश्य : जुनी वर्तमानपत्रं, एकावर एक.)

जानेवारी १९९६. जैन हवाला प्रकरणाच्या, म्हणजे नेत्यांना बेकायदा पैसे दिल्याच्या आरोपाच्या, डायरीत अनेक पक्षांच्या नेत्यांची नावं निघाली, त्यात माधवरावांचंही होतं. त्यांनी नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. निवडणुकीत काँग्रेसने तिकीट नाकारलं. हे प्रकरण पुढे न्यायालयात टिकलं नाही, पण त्या एप्रिलमध्ये ते कुणाला ठाऊक असणार? माधवरावांनी आपला पक्ष काढला. नावात अख्खा मध्य प्रदेश होता. छत्तीसगड तेव्हा वेगळं झालेलं नव्हतं, राज्यात लोकसभेच्या ४० जागा होत्या. पक्षाचा जीव मात्र ग्वाल्हेरमध्येच होता.

(दृश्य : वाड्यातली माडी. लोखंडी ट्रंक, पिवळी पडलेली पावतीपुस्तकं.)

हे काका तेव्हा बूथ सांभाळत होते. ट्रंकेतून ते सभासद नोंदणीचं पावतीपुस्तक काढतात. टाचणी गंजलेली, कागदाला दमट वास. पहिल्या पावत्यांवर सुवाच्य अक्षरात नावं आहेत, त्यांत मराठी आडनावं भरपूर. निम्म्याच्या पुढे पुस्तक कोरं आहे. काँग्रेसचं काम सोडून आलेले असे कितीतरी जण होते. पगार नाही, पदाची हमी नाही. दुपारी चणे-गूळ खाऊन रात्री खळ शिजवायची, भिंतीवर पोस्टर चिकटवायची. हा पक्ष त्यांनी उभा केला, हे कुठेतरी नोंदलं जायला हवं.

(दृश्य : काका पावतीवरचं एक नाव बोटाने दाखवतात. निवेदन नाही.)

निकाल लागला. ग्वाल्हेरमध्ये माधवरावांसमोर भाजपने उमेदवार दिला नव्हता. काँग्रेसचा अधिकृत उमेदवार दोन लाखांहून अधिक मतांनी पडला. शेजारच्या गुण्यात राजमाता भाजपकडून निवडून आल्या. आई एका पक्षात, मुलगा स्वतःच्या पक्षात, दोघंही लोकसभेत.

(दृश्य : दिल्ली, संसद भवन.)

जूनमध्ये देवेगौडांचं संयुक्त आघाडीचं सरकार आलं, विकास काँग्रेस त्या आघाडीत गेली. ज्या काँग्रेसने तिकीट कापलं, तीच बाहेरून या सरकारला पाठिंबा देत होती. सप्टेंबरमध्ये नरसिंह रावांच्या जागी सीताराम केसरी काँग्रेस अध्यक्ष झाले आणि परतीची वाट मोकळी झाली. माधवराव स्वगृही गेले, पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला.

(दृश्य : पुन्हा महाराज बाडा, संध्याकाळची गर्दी.)

कार्यकर्त्यांपैकी काही जण त्यांच्यामागून गेले, काही घरी बसले. १९९८ मध्ये भाजपचे जयभान सिंह पवैया समोर उभे राहिले आणि मताधिक्य सव्वीस हजारांवर आलं. १९९९ मध्ये माधवराव गुण्याहून लढले. ग्वाल्हेरची जागा पवैयांनी जिंकली.