कित्तूरच्या रानात घडलेला सेनापती

(दृश्य: बेळगाव–धारवाड महामार्ग, जूनअखेरचा पाऊस, कडेला ओली काळी शेतं)

बेळगावहून धारवाडकडे निघालं की वाटेत कित्तूर लागतं. कित्तूर म्हटलं की आपल्याला राणी चन्नम्मा आठवते, १८२४ ची तिची झुंज आठवते. त्याच्या चोवीस वर्षं आधी याच रानात एका तेवीस वर्षांच्या मराठा सरदारानं डोळ्यांदेखत आपला चुलता गमावला. त्याचं नाव नरहर गणेश, म्हणजेच बापू गोखले.

कुटुंब कोकणातलं, तळेखाजणचं. पण बापूचं शिक्षण झालं ते इकडे, घोड्यावर. चुलते धोंडोपंत गोखले पेशव्यांच्या वतीनं कर्नाटकाचा मुलूख सांभाळत आणि पुतणे त्यांच्या पथकात असत.

धोंडोपंतांचा वैरी होता धोंडजी वाघ. टिपूच्या कैदेत पडलेला हा माणूस १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर मोकळा झाला आणि त्यानं नवी फौज उभी केली. त्याच वर्षी धोंडोपंतांनी त्याचा तळ लुटला. तुझ्या रक्तानं मिशा रंगवीन, अशी शपथ त्यानं घेतली होती असं सांगतात.

३० जून १८००. गोखल्यांची फौज कित्तूरकडे निघालेली. जूनअखेरचं काळं रान ज्यानं पायानं तुडवलंय, त्याला वेगळं सांगायला नको. चिखल घोड्याचा खूर सोडत नाही. धोंडजी पिछाडीवर तुटून पडला. धोंडोपंत मारले गेले. चिंतामणराव पटवर्धन जखमी झाले. बापू वाचला आणि उरलेले स्वार हल्याळकडे निघून गेले.

(दृश्य: मनोळी, मलप्रभेचं पात्र)

महिन्याभरात, ३० जुलैला, सौंदत्तीजवळच्या मनोळीला धोंडजीचा तळ सापडला. पाठलागावर होता एकतीस वर्षांचा इंग्रज कर्नल आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. मलप्रभा भरून वाहत होती. अलीकडच्या काठावर कापाकापी झाली, कित्येक जण पाण्यात गेले. तोफा मात्र आधीच पलीकडे पोचलेल्या. तेव्हा वेलस्लीचे काही शिपाई पुरात पोहत गेले, एक नाव मिळवली आणि त्या तोफा ताब्यात घेतल्या. १० सप्टेंबरला कोनगलला धोंडजी ठार झाला.

गोखल्यांचे स्वार या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूनं होते. १८०३ मध्ये शिंद्यांविरुद्धही बापू त्याच्याबरोबर गेला, आणि सोबत होते आपल्या निपाणीचे आप्पा देसाई. हे सांगताना जड जातं, पण लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजी पलटण कशी चालते, कुठे थांबते, तिची शिस्त किती कडक, हे बापूनं जवळून पाहिलं. तिच्याशी गाठ पडली तर काय होईल, हे पुण्याच्या दरबारात त्याच्याइतकं क्वचितच कुणाला कळत असेल. आमच्या मते त्याचं मोठेपण इथे आहे. सगळं कळत असूनही तो उभा राहिला.

५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला इंग्रजांशी झालेल्या लढाईत त्याच्या मांडीखालचा घोडा पडला. पुणं गेलं. पेशव्यांची पळापळ सुरू झाली आणि पिछाडी सांभाळायचं काम बापूच्या वाट्याला आलं.

(दृश्य: सोलापूर जिल्ह्यातलं अष्टी, उघडं माळरान)

२० फेब्रुवारी १८१८. इंग्रजांच्या जनरल स्मिथचं घोडदळ येऊन ठेपलं आणि पेशवा दुसरा बाजीराव निघून गेला. त्याला वाट मिळावी म्हणून बापू थोडे स्वार घेऊन शत्रूच्या रांगेत घुसला. स्मिथच्या डोक्यावर तलवारीचा वार बसला. बापू मात्र तिथून परत आला नाही.

(दृश्य: बेळगावचा किल्ला, खंदक, संध्याकाळ)

आपला हा किल्ला तेव्हा पेशव्यांच्याच ताब्यात होता. २० मार्चला इंग्रज सेनानी टॉमस मन्रो धारवाडकडून येऊन वेढा घालून बसला. किल्लेदार तीन आठवडे लढला. १० एप्रिलला दरवाजे उघडले, तेव्हा बापू गोखले पडून एकोणपन्नास दिवस झाले होते.