खाली या, जरा बोलूया

(स्टीलचा डबा, जवळून)

हा डबा बघा. दिवाळीत ह्यात चकल्या असतात, बाकी वर्षभर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या माळ्यावर पडलेला असतो. पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो खाली येतो आणि चाळीत जे कोणी कोणाला सांगत नाही ते सगळं ह्यात जमा होतं.

लालबाग-परळमधली ही एक चाळ. नाव सांगत नाही, रहिवाशांनीच तशी विनंती केलीय.

संध्याकाळचे सहा. गॅलरीत कपडे वाळतायत, मागे टॉवरची क्रेन, खाली मंडळाची पोरं सतरंज्या अंथरतायत. खुर्च्या बघा, गोल लावल्यात. पहिल्या वेळी ओळीत होत्या, समोर टेबल, माइक, पुष्पगुच्छ, फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात ‘मानसिक आरोग्य : व्याख्यान’. नऊ जण आले, त्यातले पाच मंडळाचेच. बाकीचे का आले नाहीत हे कोणी तोंडावर बोललं नाही, पण मुंबईत वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. कोणी जरा वेगळं वागलं की आपण पटकन म्हणतो, ह्याला ठाण्याला पाठवा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे सव्वाशे वर्षांची ही भीती आहे, आणि चाळीत तर दारं सताड उघडी, कोण कुठल्या डॉक्टरकडे जातो हे दूधवाल्यालाही माहीत. अशा ठिकाणी त्या व्याख्यानाला खाली उतरायचं म्हणजे चार मजल्यांसमोर कबूल करायचं की मला काहीतरी झालंय. कोण उतरणार?

मग काकूंनी फळा पुसला, ‘खाली या, जरा बोलूया’ एवढंच लिहिलं आणि डबा आणला.

(पोरं वहीची पानं फाडतायत)

आता हे नीट बघा, कारण सगळी गंमत ह्यात आहे. पानं एकाच वहीची, एकाच मापाची, पेनं सगळी निळी. चिठ्ठी प्रत्येकाने टाकायचीच. ज्याला काही विचारायचं नाही त्याने आवडत्या भाजीचं नाव लिहायचं. त्यामुळे सगळेच मान खाली घालून लिहीत असतात, शाळेतली पोरं, आज्या, नुकतं लग्न होऊन आलेली सून, नाइट ड्युटीवरून थेट आलेला सिक्युरिटीवाला दादा, आणि कोण भाजी लिहितोय आणि कोण दुसरं काही हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. डबा गोल फिरतो, काकू तो दोन्ही हातांनी गदागदा हलवतात आणि समुपदेशक ताईंच्या मांडीवर ठेवतात.

ऐका.

‘भरलं वांगं.’ हशा. ‘शेवग्याच्या शेंगा.’ पुन्हा हशा, कोणीतरी ओरडतं, ही आमच्या आजीचीच. आणि मग तिसरी चिठ्ठी. ‘रात्री ३ला जाग येते, छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल आहे.’

इथे आम्ही कॅमेरा हलवला नाही.

(शांतता, चेहरे)

ताई उत्तर देताना डिप्रेशन हा शब्द अगदी शेवटी काढतात. आधी विचारतात, भूक कशी आहे, कामात लक्ष लागतं का, पूर्वी जे आवडायचं ते अजून आवडतं का, अंग जड वाटतं का. कारण आपल्याकडे माणूस ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो डोकं जड झालंय, जीव घाबरतो, ॲसिडिटी आहे, टेन्शन आहे. मग सांगतात की असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल तर डॉक्टरला दाखवायचं, मनाचा आजारही आजारच. आणि डॉक्टरने ह्याच्यावर गोळ्या दिल्या तर त्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांनी फरक नाही म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. ‘पॉझिटिव्ह विचार करा’ हे वाक्य त्या एकदाही म्हणत नाहीत, आणि मला वाटतं लोक पुन्हा येतात ते म्हणूनच.

हे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ऐन पस्तिशीत. ते सांगतात, संपानंतर कितीतरी घरात एक माणूस भिंतीला टेकून बसलेला असायचा, बोलायचा नाही, जेवायचा नाही, आणि लोक एवढंच म्हणायचे की अमका बसून राहिला. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते संपात. त्यातले किती असे बसून राहिले हे कोणी मोजलं नाही, कारण त्याला आजार म्हणायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आजोबांचा हात बघा, बोलताना सतरंजीचा धागा ओढतायत.

एक चिठ्ठी अशी होती : ‘कोणी जीवाचं बरंवाईट करायला गेला आणि वाचला तर पोलीस केस होते का?’ ताईंनी ती दोनदा वाचली. मग सांगितलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस प्रचंड तणावाखाली होता असं धरलं जातं, शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. आणि हेही सांगितलं की जवळच्या माणसाबद्दल अशी शंका आली तर सरळ विचारायचं, विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून त्याला हलकं वाटू शकतं.

बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात मनाचे वेगवेगळे आजार असलेल्यांपैकी १०० तले ७० ते ९२ जण उपचारांशिवाय होते. इथून केईएम हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटं, १९२६ पासून तिथेच आहे, महापालिकेचं, मनोविकाराची ओपीडी पण आहे. पण ही पंधरा मिनिटं चालायची हिंमत आधी ह्या सतरंजीवर यावी लागते, म्हणून आम्हाला वाटतं प्रत्येक चाळीत, प्रत्येक ट्रान्झिट कॅम्पात, आणि हे टॉवर उभे राहतील तेव्हा त्यांच्या पोडियमवर सुद्धा हा डबा फिरायला पाहिजे.

गप्पांनंतर ताईंशी काहीजण एकेकटे बोलले, ते आम्ही शूट केलं नाही. तिघं केईएमला गेले, दोघांचे उपचार चालू आहेत.

(सकाळ, मैदान)

फळ्यावर ताईंनी टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहिला होता, १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. सोमवारी सकाळी पोरांनी क्रिकेटचा स्कोर लिहायला फळा पुसला, पण नंबर ठेवला. स्कोर खाली लिहिलाय, ४७ वर ३.