बिनपगारी बोट

[दृश्य: मुरगाव बंदर. धक्क्याला लागलेली जहाजं.]

सासष्टीत काय नि वास्कोत काय, कुणाचा मुलगा बोटीवर लागला की वाड्यावर प्रश्न ठरलेले. पगार किती? कंत्राट किती महिन्यांचं? तारवटींच्या कमाईवर गोव्यात कितीतरी घरं उभी राहिली. पण एक बोट अशी आहे, जिथे काम करणाऱ्या बहुतेकांना पगारच नाही. उलट राहण्याजेवणाचे पैसे तेच भरतात.

[दृश्य: पश्चिम आफ्रिका. फ्रीटाऊन बंदर.]

बोटीचं नाव ‘ग्लोबल मर्सी’. १७४ मीटर लांब, आत सहा ऑपरेशन थिएटर. ‘मर्सी शिप्स’ ही तिची संस्था १९७८ पासून जुन्या बोटींत रुग्णालयं थाटत आली. तिची ‘आफ्रिका मर्सी’ तर मुळात रेल्वेचे डबे वाहणारी डेन्मार्कची फेरीबोट! ‘ग्लोबल मर्सी’ मात्र रुग्णालय म्हणूनच बांधलेली. २०२३ मध्ये ती सिएरा लिओन देशात फ्रीटाऊनला आली. इथे ऑपरेशनचा एक पैसाही पडत नाही.

पण रुग्णालय पाण्यावर कशाला? कारण वीज, शुद्ध पाणी, ऑक्सिजन हे सगळं बोट स्वतःबरोबर घेऊन येते. किनाऱ्यावर नेमका त्याचाच भरवसा नसतो.

[दृश्य: वॉर्ड. चेहऱ्याला बँडेज बांधलेला रुग्ण.]

अमेलोब्लास्टोमा. जबड्यात धरणारी गाठ, बहुधा कॅन्सरची नसलेली. आपल्याकडे गाल सुजला तर माणूस बांबोळीला डेंटल कॉलेजात जातो, एक्स-रे निघतो, गाठ लहान असतानाच काढतात. जिथे एक्स-रेच नाही, तिथे ती वर्षानुवर्षं वाढते. नारळाएवढी होते. तोंड मिटत नाही, घास उतरत नाही, शेवटी श्वास कोंडतो. तोवर माणूस गावात तोंड झाकून वावरतो. अशी गाठ काढायला कित्येक तास लागतात आणि रक्तही लागतं. ते येतं कुठून? बोटीवरच्याच माणसांकडून. कुक असो, नर्स असो की इंजिनरूममधला फिटर, गट जुळला की तो बाही वर करतो.

कौतुक सर्जनचं होतं, आणि व्हायलाच हवं. पण जनरेटर बंद पडला तर सर्जन काय करणार?

[दृश्य: बंदराबाहेर रुग्णांची रांग.]

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला: जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. त्यापुढे एकदोन बोटी म्हणजे दर्यामे खसखस. शिवाय बोट काही महिन्यांनी नांगर उचलणारच. म्हणून आम्हाला ऑपरेशनांच्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. तिथलेच भूलतज्ज्ञ, परिचारिका, हत्यारं निर्जंतुक करणारे कर्मचारी या संस्थेकडे शिकतात. आणि यंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञही. देणगीत आलेलं महागडं यंत्र एका सुट्या भागापायी कोपऱ्यात धूळ खात पडतं, हे गरीब देशांतल्या रुग्णालयांचं जुनं दुखणं. ते उघडून बघणारा माणूस आता तिथलाच असेल.