अस्वलाची फाईल

श्रोतेहो, नमस्कार.

2002 सालचा उन्हाळा. परभणीत मी तेव्हा एका कार्यालयात कॉम्प्युटरचं काम बघायचो. औरंगाबादहून आमच्या दाजींचा ईमेल आला. ‘तुझ्या मशीनमध्ये छोट्या अस्वलाचं चित्र असलेली फाईल आहे का बघ. व्हायरस आहे. चौदा दिवस गप बसतो, मग सगळं खातो. अँटीव्हायरसला सापडत नाही. सगळ्यांना कळव.’

शोधलं, तर खरंच अस्वल! अंगावर काटाच आला. फाईल डिलीट केली, रीसायकल बिन रिकामा केला आणि पुण्याचं काम म्हणून चाळीस जणांना तोच मेल धाडला.

नंतर कळलं, ती फाईल विंडोजचीच होती. जावामध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाची. म्हणजे बहुतेकांच्या मशीनवर ती सापडणारच होती. घरात काथवट सापडली म्हणून चोर शिरलाय म्हणावं, तशातली गत. माझं तिच्यावाचून काही अडलं नाही, हे नशीब. आदल्याच वर्षी, 2001 मध्ये, विंडोज 98 मधली, फाईलींची लांबलचक नावं पूर्ववत करणारी एक फाईल लोकांनी अशीच स्वतःच्या हातानं पुसली होती. व्हायरस कुठंच नव्हता. जे काही बिघडवायचं, ते आपल्याच हातून करून घेतलेलं.

चूक झाली, असा दुसरा मेल मी लाजत लाजत चाळीस जणांना पाठवला. तो पुढं गेल्याचं काही दिसलं नाही. पहिला मात्र दिवाळीत नांदेडहून फिरून माझ्याच दारात आला!

तेव्हापासून असा मेल आला की मी आधी तारीख शोधतो. ‘मायक्रोसॉफ्टनं काल जाहीर केलं’ असं लिहिलेलं असतं, पण काल म्हणजे कधी? तो मेल पाच वर्षं फिरला तरी काल तो कालच राहतो. नाव मोठ्या कंपनीचं किंवा वाहिनीचं, पण मूळ बातमीचा पत्ता नाही. 2006 च्या सुमारास ऑलिम्पिक मशालीच्या नावाचा मेल फिरत होता. उघडलात की हार्ड डिस्क जळून खाक, म्हणे. आणि शेवटी ठरलेलं, ओळखीच्या सगळ्यांना पाठवा. खरी सूचना अपडेट टाका म्हणते, अमुक जोडफाईल उघडू नका म्हणते. गावभर दवंडी पिटायला सांगत नाही.

पडताळणी दोन मिनिटांची आहे. मेलमधलं एखादं वाक्य किंवा फाईलचं नाव अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. जुनी आवई असेल तर तिची कुंडली तिथंच निघते. नाहीतर अँटीव्हायरस कंपनीची किंवा केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेची वेबसाईट स्वतः टाईप करून उघडा. मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, त्यातल्या नंबरवर फोनही नको. पैसे गेलेच असतील तर 1930 ही सायबर हेल्पलाईन आहे, लगेच लावा.

मात्र सगळंच खोटं समजून बसू नका, बरं का. 2000 सालचा ‘आय लव्ह यू’ व्हायरस अगदी खरा होता, आणि तो ईमेलच्या जोडफाईलमधूनच पसरला.

दाजी आजही मला असले मेल पाठवतात. फरक इतकाच, आधी फोन करतात आणि विचारतात, “बघ रे, हे अस्वलच आहे का?”